येतं सगळ्यांना, मागत कोणी नाही

नाशकात सध्या कोणालाही भेटा, गप्पा फिरून फिरून सिंहस्थावरच येतात. रस्ते, घाट, साधुग्राम, आणि आता त्यात ‘डिजिटल कुंभ’. अ‍ॅप येणार, नकाशे येणार, गर्दीची खबर मोबाइलवर मिळणार. येऊ देत. २०१५ च्या सिंहस्थात कुंभथॉन या तंत्रज्ञानाच्या उपक्रमातल्या पोरांनी पायांखालच्या चटईवरून गर्दी मोजण्यासारखे प्रयोग इथेच केले होते, त्यामुळे हे सगळं नाशिकला नवीन नाही. मला फक्त एवढंच विचारायचं आहे की हे अ‍ॅप मला वापरता येणार का?

मला दिसत नाही. फोन मी कानाने वापरतो. स्क्रीनवर बोट फिरवलं की टॉकबॅक हा फोनमधला स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, वाचून दाखवतो: ‘पुढे जा, बटण’, ‘मोबाइल क्रमांक, संपादन चौकट’. ही नावं बनवणाऱ्याने आत लिहिलेली असतील तरच वाचली जातात. नसतील तर नुसतं ‘बटण. बटण. बटण.’ त्यातलं कुठलं पैसे पाठवतं आणि कुठलं सगळं रद्द करतं, हे ज्याचं त्याने नशिबावर सोडायचं.

माझं पोट याच कामावर चालतं. वेबसाइट आणि अ‍ॅप स्क्रीन रीडरवर तपासून चुका काढून द्यायच्या. म्हणून जगात या बाबतीत काय चाललंय ते जरा जवळून कळतं, आणि खरं सांगायचं तर बरंच काही चाललंय. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून पाळायचे नियम, डब्ल्यूसीएजी, १९९९ मध्ये आले. पुढच्याच वर्षी सिडनी ऑलिंपिकच्या आयोजकांना ब्रूस मॅग्वायर या अंध माणसाने नमवलं. त्यांची वेबसाइट त्याला वाचता येत नव्हती, सुधारा म्हटलं तर सुधारली नाही, शेवटी वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार आला आणि त्यात माहिती-तंत्रज्ञान रस्ते-इमारतींच्या शेजारी बसलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर लिहायला घेतला, आणि जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. माझ्या मते सगळ्या कायद्यांपेक्षा या दोघांचे उपकार मोठे आहेत. तोपर्यंत संगणकाचा चांगला स्क्रीन रीडर संगणकापेक्षा महाग पडायचा. आज खेड्यातला मुलगाही जुन्या लॅपटॉपवर एनव्हीडीए टाकतो आणि कामाला लागतो.

आणि २८ जून २०२५ पासून युरोपीय संघाचा सुगम्यता कायदा, म्हणजे वस्तू आणि सेवा दिव्यांगांनाही वापरता याव्यात असा कायदा, लागू झालाय. बँकिंग, ऑनलाइन खरेदी, ई-पुस्तकं, तिकिटाची यंत्रं, फोन, संगणक, सगळं त्यात आलं. कंपनी कुठल्याही देशाची असो, तिथे विकायचं तर पाळायचं.

इथे माझ्या पोटातलं बोलतो. या कायद्यामुळे नाशकात बसून युरोपच्या क्लायंटसाठी कोड लिहिणारी मुलं आता एकेका बटणाला नाव देतात. फोकस, म्हणजे स्क्रीन रीडर ज्या जागी थांबून वाचतो ती जागा, कुठे जातो, रंगांचा कॉन्ट्रास्ट पुरेसा आहे का, एरर आला तर वाचला जातो का, सगळं तपासतात. मी चूक नोंदवली की दोन दिवसांत दुरुस्त होऊन परत येते. आणि याच मुलांपैकी कोणी शनिवार-रविवारी गावातल्या एखाद्या पतसंस्थेची नाहीतर शाळेची साइट करून देतो, तेव्हा तीच बटणं मुकी असतात. मी एकाला विचारलं, ‘अरे, तुला तर येतं हे सगळं.’ तो म्हणाला, ‘दादा, त्यांनी मागितलंच नाही.’

माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. आपल्याकडे अक्कल कमी नाही, मागणी कमी आहे.

जगाचे आकडेही वेगळं सांगत नाहीत. वेबएम ही अमेरिकन संस्था दरवर्षी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या दहा लाख वेबसाइटची मुखपृष्ठं यंत्राने तपासते. २०१९ मध्ये ९७.८ टक्के पानांवर चुका सापडल्या होत्या, २०२५ मध्ये ९४.८ टक्के. सहा वर्षांत तीन टक्के! बरं, चुका तरी कसल्या? फिकट अक्षरं, चित्राला वर्णन नाही, फॉर्मच्या चौकटीला नाव नाही, रिकामी लिंक, रिकामं बटण, आणि पानाची भाषा सांगितलेली नाही. सापडलेल्या चुकांपैकी ९६ टक्के या सहाच जातीच्या. यातलं एकही काम असं नाही की जे शिकायला आठवडा लागेल.

यातली शेवटची चूक मराठी माणसाने जरा मनावर घ्यावी. पान मराठीत आहे हे आत लिहिलेलं नसलं की स्क्रीन रीडर हाती येईल तो आवाज लावतो. मग आपली मराठी हिंदीच्या आवाजात ऐकायची. चालवून घेतो, पण दिवसभर ऐकून कान विटतात. त्याहून वाईट म्हणजे जुन्या फॉन्टची दुखणी. शिवाजी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्रक तुम्हाला छान मराठी दिसतं. आत मात्र असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, त्यांना फक्त मराठीचा मुखवटा चढवलेला. माझा फोन मुखवटा बघत नाही, आतलं वाचतो. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नुसतं अगडबगड. आणि सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवला की तेवढंही नाही, थेट ‘रिकामं पान’. शेकडो सूचना, निविदा, निकाल, यादी, सगळं असंच. मराठी अक्षर आतूनही मराठी म्हणूनच साठवणारी युनिकोड पद्धत येऊन किती वर्षं झाली!

आमचं मूळ गाव निफाड तालुक्यात. घरच्या ग्रुपवर रोज लासलगावचा कांद्याचा भाव येतो, तो फोटोत. माझा फोन म्हणतो, ‘फोटो.’ खाली वीस जणांचे राग, हसू आणि हात जोडलेले इमोजी मात्र एकेक करून वाचतो, त्यावरून भाव पडलाय की चढलाय याचा अंदाज बांधायचा. आता एआय फोटो वाचून दाखवतं, हे मान्य. बी माय आइज हे अ‍ॅप २०१५ पासून आहे, पूर्वी पलीकडे कोणीतरी डोळस माणूस व्हिडिओवर मदतीला यायचा, २०२३ पासून यंत्रही सांगायला लागलं. मी ते रोज वापरतो. पण त्याने आकडा चुकीचा वाचला तर मला कळणार कसं? भाव आकड्यांत टाइप करायला दहा सेकंद लागतात.

एआयच्या नावावर दुकानदारीही सुरू झालीय. साइटमध्ये एक ओळ घाला, साइट आपोआप सुगम्य होईल, असं सांगून विकणारे भेटतात. अमेरिकेत अ‍ॅक्सेसीबी कंपनीवर तिथल्या व्यापार आयोगाने याच दाव्यांवरून कारवाई केली, २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले. इकडे कोणी अशी पुडी विकायला आला तर आधी ही बातमी दाखवा.

कायदा आपल्याकडे नाही असं कोणी म्हणू नये. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, वेबसाइट वगैरे दिव्यांगांना वापरता याव्यात यासाठीचं आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तर थेट सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. प्रकरण केवायसीचं होतं. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना ‘डोळे मिचकावा’ म्हणून अडवलं होतं. दुसरे याचिकाकर्ते अमर जैन स्वतः अंध. डोळ्यांवर हल्ला झालेल्या बाईला पापण्या हलवून जिवंत असल्याचं सिद्ध करायला लावणारी पद्धत ज्यांनी मंजूर केली, त्यांच्या बैठकीत एकही दिव्यांग माणूस नसणार, हे मी पैजेवर सांगतो. न्यायालयाने वीस निर्देश दिले.

निकाल वाचून आनंद झाला. त्याच आठवड्यात कॉलेज रोडला एका दुकानात कार्ड दिलं, तर यंत्राला बटणंच नाहीत, नुसती गुळगुळीत काच. पूर्वीच्या यंत्रावर पाचच्या आकड्यावर बारीक उंचवटा असायचा, तिथून बाकीचे आकडे सापडायचे. काचेवर काय चाचपणार? दुकानदार भला माणूस, म्हणाला, ‘पिन सांगा, मी टाकतो.’ रांगेत माझ्यामागे चार जण. मी रोख पैसे दिले. उलट त्याच काउंटरवर ‘दोनशे रुपये मिळाले’ असं ओरडणारी डबी होती. ती अंधांसाठी बनवलेली नाही, पण एखाद्या अंध विक्रेत्याला तिच्याइतकी उपयोगी वस्तू नाही.

म्हणून परत सिंहस्थाकडे. २०२७ च्या अमृतस्नानांना म्हातारे येतील, मोतीबिंदूवाले येतील, ऐकू न येणारे येतील, उन्हात स्क्रीन न दिसणारे धडधाकट तर लाखांनी येतील. अ‍ॅपची निविदा काढताना तिच्यात एक ओळ घाला: काम आयएस १७८०२ प्रमाणे हवं, आणि दिव्यांग वापरकर्त्यांनी तपासल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही. बिल अडलं की कोणतंही काम होतं, हे नाशिककरांना मी सांगायला नको. गर्दीची सूचना नुसत्या रंगीत नकाशात देऊ नका, शब्दांतही द्या. व्हिडिओ टाकलात तर खाली मराठी अक्षरं द्या. आणि तपासायला माणसं हवी असतील तर या शहरात आम्ही भरपूर आहोत. फुकट मात्र बोलावू नका.

आणि ज्यांची स्वतःची संस्था, सोसायटी, शाळा, क्लास आहे त्यांनी आज रात्री घरी बसून एक करा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅक चालू करा, डोळे मिटा आणि स्वतःच्याच साइटवर फी भरून बघा. एकदा टॅप केलं की फोन फक्त वाचतो, उघडायला दोनदा टॅप करावं लागतं, पान सरकवायला दोन बोटं लागतात. पण चालू करण्याआधी ते बंद कसं करायचं हे नीट वाचून ठेवा. नाहीतर उद्या सकाळी ‘फोन बिघडला, सारखा बोलतोय’ म्हणून सगळे मलाच फोन कराल.