'बाहेरचा नाद सोडा' म्हणणाऱ्यांसाठी

कोल्हापुरातल्या उद्योजकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: जागतिक व्यापाराचा जमाना संपला, भारतीय मालावरच्या अमेरिकेच्या ५० टक्के आयात करानं फौंड्रीवाल्यांचं, म्हणजे धातूचं ओतकाम करणाऱ्यांचं, कंबरडं मोडलं, आता बाहेरचा नाद सोडा आणि देशातच विका.

व्यापार संपला म्हणे! २००९ मध्ये जगाचा मालव्यापार १२ टक्क्यांच्या आसपास घसरला आणि पुढच्याच वर्षी भरून आला. कोरोनातही तेच झालं. २०२४ मध्ये वस्तू आणि सेवांचा व्यापार ३३ लाख कोटी डॉलरवर गेला, तोवरचा उच्चांक होता तो.

५० टक्क्यांचा आकडा मात्र खोटा नव्हता. २७ ऑगस्ट २०२५ ला तो लागू झाला. पण सरसकट नाही. कारच्या सुट्या भागांवर मे महिन्यापासून वेगळा २५ टक्के कर होता, आणि तो एकट्या भारतावर नव्हता. म्हणजे कोल्हापूरजवळच्या शिरोलीतून गेलेलं कास्टिंग (ओतीव भाग) कारमध्ये बसणार की पंपात, यावर त्याचा कर ठरत होता. मेसेज लिहिणाऱ्यानं एवढंही बघितलेलं दिसत नाही.

खरं दुखणं दराच्या उंचीपेक्षा त्याच्या धरसोडीचं आहे. एप्रिलमध्ये २६ टक्के जाहीर, लगेच स्थगिती, ऑगस्टच्या सुरुवातीला २५, महिनाअखेर ५०. पॅटर्न (ज्यावरून साचा तयार होतो तो नमुना) बनवून, सॅम्पल पास करून घेऊन माल सुरू व्हायला महिने जातात. कोटेशन द्यायचं तरी कोणत्या भरवशावर?

अमेरिका म्हणजे जग नव्हे, हे वेगळं सांगायला नको. जगाच्या माल-आयातीत तिचा वाटा साधारण १३ टक्के. ब्रिटनशी करारावर जुलै २०२५ मध्ये सह्या झाल्या, स्वित्झर्लंड-नॉर्वेच्या गटाशी केलेला करार ऑक्टोबरपासून लागूही झाला.

आणि 'देशातच विका' हा सल्ला तर अर्धवटच. कोल्हापूरच्याच गोकुळ शिरगावचं कास्टिंग पुण्याच्या कंपनीला विकलं तरी तिचं मशीन परदेशी गेलं की आपणही त्याच साखळीत. लोखंडाच्या भट्टीतल्या कोकसाठी लागणारा कोकिंग कोळसा तर देशाला बहुतांश बाहेरूनच आणावा लागतो.

शिवाय अनिश्चितता काय फक्त वॉशिंग्टनहून येते? साखरेच्या निर्यातीवर २०२२ पासून आपल्याच सरकारचे निर्बंध. २०२३-२४ च्या हंगामात दार जवळपास बंद, जानेवारी २०२५ मध्ये एकदम १० लाख टनांना परवानगी. इथल्या कारखान्यांना हे नवीन नाही.

गाशा गुंडाळण्याआधी पुढच्या पर्चेस ऑर्डरमध्ये एक ओळ घालून घ्या: मधेच कर वाढला तर फरक कुणी किती सोसायचा. मोठं गिऱ्हाईक कुरकुर करेल. करू दे, मंजूर झालेला पॅटर्न दुसऱ्या फौंड्रीत हलवणं त्यालाही सोपं नाही.