टॉप आल्टर करायचा की उसवायचा: लालबागच्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला, कारण ती वाचल्यावर मी कपाटात टाकून दिलेला तो टॉप परत बाहेर काढला, मापं घेतली, दोन दिवस घालून लोकलने प्रवास केला, आणि मगच लिहायला बसले.

ज्यांनी आधीचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी स्वतःसाठी सुती दोऱ्याचा अर्ध्या बाह्यांचा टॉप विणला, तो मोठा झाला. त्यावर मी लिहिलं होतं की हाताने विणलेला कपडा टेलरकडे कधीच देऊ नये, सरळ उसवावा आणि पुन्हा विणावा. ताईंचं आणि त्यांच्या यजमानांचं लालबागला आल्टरेशनचं दुकान आहे. त्यांनी लिहिलं की टी-शर्ट, लेगिंग, होजिअरीचे कुर्ते त्या रोज आत घेतात आणि नीट ओव्हरलॉक, म्हणजे कड दोऱ्यांनी गुंफून बांधणारी मशीनची शिलाई, मारला तर काही सुटत नाही. दोन महिन्यांची मेहनत उसवून टाका असं सांगून मी नव्याने शिकणाऱ्या मुलींना घाबरवते आहे, असंही त्यांचं म्हणणं. आणि शेवटची ओळ अशी: "टॉप किती मोठा झाला आणि कुठे मोठा झाला हे तुम्ही लिहिलंच नाही. मापं न देता निकाल दिलात."

ताई, ही शेवटची ओळ मला सगळ्यात जास्त लागली, कारण ती खरी आहे. म्हणून आधी मापं.

माझी छाती ९२ सेंटीमीटर. टॉप ९६ चा हवा होता, म्हणजे पुढचा भाग ४८, मागचा ४८. ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुयांवर आधी नमुन्याचा चौकोन विणला, किती टाक्यांना किती माप येतं ते बघायला. १० सेंटीमीटरमध्ये २२ टाके बसले. त्या हिशोबाने एका भागाला १०६ टाके घातले. चूक इथेच झाली: तो चौकोन मी धुतला नाही. पूर्ण झालेला टॉप धुऊन, वाळवून, दोनदा घातल्यावर मोजला तर १० सेंटीमीटरमध्ये २० च टाके. दोन टाक्यांचा फरक ऐकायला काहीच वाटत नाही, पण १०६ टाक्यांवर त्याने ४८ चे ५३ केले. दोन्ही भाग मिळून १०६ सेंटीमीटर. हव्या होत्या त्यापेक्षा १० जास्त.

आता खांदे. बगलेच्या वर माझे ८२ टाके आहेत, खांद्यांचे २४-२४ आणि मधे गळ्याचे ३४. हे सगळं ३७ सेंटीमीटर यायला हवं होतं, आलं ४१. खांद्याची शिवण दोन्हीकडे दंडावर उतरली आणि गळा दीड सेंटीमीटरने रुंद होऊन आतल्या पट्ट्या दिसायला लागल्या. त्यात दोरा सुती. लोकरीचा केस मुळातच कुरळा असतो, ताणला तरी परत जागेवर येतो. सुताला ती उसळी नाही. वर टॉपचं वजन भरलं ३८० ग्रॅम, आणि ते सगळं वजन टांगलेलं असतं ते खांद्यांना. आमच्याकडे पावसात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून मी पहिल्या धुण्यात तो ओला टॉप दोरीवर टाकला होता. तेही करायला नको होतं. पलंगावर जुना टॉवेल पसरून, पंख्याखाली आडवा वाळवायला हवा होता.

आता टेलरकडे "कधीच देऊ नये" या वाक्याबद्दल. ते मी मागे घेते. चार वर्षांपूर्वी एका दुकानात मी असाच हाताने विणलेला बिनबाह्यांचा टॉप बाजूने आत घ्यायला दिला होता. परत आला तेव्हा शिवणीला लाटा. घरी मोजलं तर मूळची ३८ सेंटीमीटरची बाजू ४३ झाली होती. मशीनच्या दाबाखाली विणकाम पुढे पुढे ढकललं गेलं, ताणलं गेलं, आणि त्या ताणलेल्या अवस्थेतच दोऱ्याने बांधलं गेलं. वरून जादाचं कापड कापूनही टाकलं होतं, त्यामुळे परतीचा रस्ताच नव्हता. तो राग माझ्या मनात राहिला आणि लेखात 'कधीच' होऊन उतरला. एका दुकानात जे झालं त्याचा दोष मी सगळ्या कारागिरांवर टाकला. त्याबद्दल मनापासून माफी मागते.

पण टी-शर्ट आणि माझा टॉप एकच, हे मात्र मला मान्य नाही. घोळ थोडा आपल्या भाषेमुळेही होतो. माझे वडील १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांच्या विभागात होते. ते मागावर करायचे तेही विणणं, आणि आई सुयांवर करायची तेही विणणं. मागावरच्या कापडात उभा धागा आणि आडवा धागा एकमेकांना धरून असतात, कापलं तर कडेचे चार धागे निघतात आणि थांबतात. सुयांवरच्या विणकामात प्रत्येक टाका म्हणजे एक फास, आणि तो खालच्या फासात अडकलेला असतो. एक सुटला की त्या उभ्या रांगेतले सगळे शिडीसारखे खाली सुटत जातात.

तुम्ही म्हणाल, टी-शर्टही असाच फासांचा असतो. बरोबर आहे. विल्यम ली यांनी १५८९ मध्ये इंग्लंडमध्ये विणकामाचं यंत्र बनवलं, तेव्हापासून हाच फास यंत्रावरही पडतो आहे आणि आज तमिळनाडूतल्या तिरुपूरहून येणाऱ्या टी-शर्टातही तोच आहे. फरक आकाराचा. टी-शर्टचे फास इतके बारीक की ओव्हरलॉकच्या पट्टीत त्यांच्या कितीतरी रांगा पकडल्या जातात. माझ्या टॉपचा एक टाका ५ मिलिमीटर रुंद आहे आणि चार दोऱ्यांच्या ओव्हरलॉकची पट्टी साधारण ६-७ मिलिमीटर. म्हणजे ती कड जेमतेम एका टाक्याच्या जोरावर उभी राहणार. स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांवर विणलेले स्वेटर सरळ कात्रीने उभे कापतात आणि ते टिकतात, पण ती लोकर असते. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात, ते एकमेकांना धरतात. सूत गुळगुळीत, ते निसटतं. म्हणून सुती टॉपला कात्री लावायचीच असेल तर आधी गोल टोकाची सुई लावून, दाब सैल करून, झिगझॅगच्या दोन ओळी मारायच्या आणि मगच कापायचं. तुमच्या दुकानात हे करत असाल याची आता मला खात्री वाटते. पण प्रत्येक नाक्यावर करत नाहीत. आणि एवढं करण्याआधी एक प्रश्न राहतोच, जो तुम्हीच विचारलात: मोठा झाला कुठे?

त्याचं उत्तर शोधायला मी रविवारी बसले. लाल दोरा घेतला, बाजूची शिवण होती तशीच ठेवली आणि तिच्या आत पाच-पाच टाके सोडून, टाक्यांच्या एकाच उभ्या रांगेतून खालपर्यंत धावदोरा घातला. पाच टाके म्हणजे अडीच सेंटीमीटर, चारही कडा मिळून १०. हिशोबाने टॉप बरोबर ९६ चा झाला. आरशासमोर उभी राहिले तर छान दिसला. सोमवारी तोच घालून कामाला निघाले. गाडीत हँडल धरायला हात वर केला आणि पूर्ण टॉप कमरेवरून वर आला, गळा एका बाजूला सरकला. हात खाली घेतला तरी खांदे दंडावरच. बगलेत गोळा झालेला, कारण बगलेला मी प्रत्येक बाजूला सहाच टाके सपाट बंद केले होते आणि त्यातले पाच शिवणीत गेले होते. बाहीला हलायला जागाच उरली नव्हती. वर बाजूंना आत पाच-पाच टाक्यांच्या दुहेरी पट्ट्या, आपल्या घामाच्या दिवसांत त्या अंगाला चिकटल्या.

रात्री तो लाल दोरा काढला. बाजू सोडून दिल्या आणि फक्त खांद्यांकडे बघितलं. आतल्या बाजूने क्रोशाची घट्ट साखळी घातली: डावा खांदा, मग मागचा गळा, मग उजवा खांदा, सलग. प्रत्येक चार-पाच टाक्यांनंतर टेप लावून बघत, जरा ओढून घेत. खांदा १२ चा ११ वर आला, गळा १७ चा साडेपंधरावर. एकूण साडेसदतीस. अर्ध्या तासाचं काम. मंगळवारी घातला तेव्हा तो टॉप वेगळाच वाटला. बाजू अजून सैलच होत्या, पण सैल असं वाटेना. ज्याला मी आठवडाभर "पोत्यासारखा" म्हणत होते ते सगळं उतरलेल्या खांद्यांमुळे होतं.

हे तुमच्यामुळे झालं, ताई. मी तो उसवणार होते.

आता बाजूंना प्रत्येक कडेला तीनच टाके आत घेणार आहे, हाताने, टाक्याशी टाका जुळवत, न कापता. बाहीच्या शिवणीतही तेवढेच तीन, म्हणजे बाही आणि बाजू एका ओळीत येतील आणि बगलेला अर्धे टाके शिल्लक राहतील. टॉप १०० चा होईल. ठरवला होता त्यापेक्षा ४ जास्त, पण मुंबईत एवढी हवा खेळलेली बरीच.

उसवण्याबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही, आणि तुमचा राग त्यावरच जास्त होता, म्हणून ते नीट सांगते. तुम्ही म्हणता उसवलं की मेहनत वाया. मी ज्या घरात वाढले तिथे उसवणं हे विणण्याचाच भाग होतं. भावाचा स्वेटर दर दोन वर्षांनी उसवला जायचा. आई खुर्ची उलटी करून तिच्या पायांभोवती लोकर गुंडाळायची, लडीला चार ठिकाणी सैल गाठी मारायची, मग भाताच्या पातेल्याची वाफ त्या कुरळ्या लोकरीला द्यायची. ती सरळ होत जाताना बघायला मी ओट्याशी उभी राहायचे. कमी पडेल तिथे छातीवर नव्या रंगाचा एक पट्टा यायचा. सुती दोऱ्याला वाफेपेक्षा पाण्यात बुडवून, खाली हलकं वजन अडकवून वाळवणं बरं, पण गोष्ट तीच. त्या दोन महिन्यांत हाताला जे कळलं ते दोऱ्याबरोबर सुटत नाही.

खांदा एकेका बाजूने तीन-चार सेंटीमीटर उतरला असेल तर साखळीने काम होणार नाही. तेवढं ओढलं की खांद्यावर चुण्या पडतात. तिथे उसवायलाच हवं, पण पूर्ण नाही, हे मी आधीच्या लेखात लिहायला हवं होतं. खालून वर विणलेल्या टॉपचं विणकाम सुटतं ते शेवटच्या टोकाकडून, म्हणजे खांद्याकडून. बाह्या आणि खांदे मोकळे करायचे, बगलेपर्यंत उसवायचं, टाके परत सुईवर घ्यायचे आणि वरचा वीस सेंटीमीटरचा भाग नव्या मापाने विणायचा. खालचं अंग तसंच राहतं. नव्या मुलींना मी घाबरवलं असेन तर त्यांना आता एवढंच सांगते की उसवायच्या आधी धुवा, आडवा वाळवा, धावदोरा घालून एक दिवस वापरा, आणि आरशात बाजू बघायच्या आधी खांद्याची शिवण कुठे बसते ते बघा.

ताई, एक काम तुमच्याकडेच आहे. माझी क्रोशाची साखळी आज घट्ट आहे, पण सुताच्याच दोऱ्याची आहे, महिन्या-दोन महिन्यांत तीही सैल पडेल असं मला वाटतं. खांद्याच्या शिवणीला आतून ताण न घेणारी सुती फीत लावली तर ते माप पक्कं होईल. टी-शर्टच्या खांद्याला आतून पट्टी असते, तशीच. ते माझ्या हातच्या शिवणीपेक्षा तुमच्या मशीनवर जास्त नेटकं होईल, फक्त दाब सैल ठेवून आणि विणकाम न ओढता. शनिवारी दुपारी दुकान उघडं असतं का? टॉप घेऊन येते. सोबत न धुतलेला तो नमुन्याचा चौकोनही आणते, आधी त्याच्यावर मारून बघा.