कोकणात आठवडा, दोघांचे वीस हजार

कोल्हापुरातून समुद्र चार-पाच तासांवर आहे आणि तरी आपल्याकडे कोकण म्हणजे शनिवार-रविवारच. शुक्रवारी रात्री गाडी काढायची, पहाटे मालवण, दुपारी सिंधुदुर्ग किल्ला, संध्याकाळी तारकर्ली, रविवारी कुणकेश्वर करून रात्री अकराला घरी. यात दोन माणसांचे दहा-बारा हजार सहज उडतात आणि समुद्र दिसतो तो बहुतेक गाडीच्या काचेतून. त्यात सात-आठ हजारांची भर घातली तर अख्खा आठवडा होतो. माझं हे ठाम मत आहे, म्हणून हिशेबासकट मांडतोय.

पैसा कोकणात खर्च होत नाही, हलण्यात खर्च होतो. रोज नवं गाव केलं की रोज रिक्षा, रोज नवी खोली, रोज एका रात्रीचा दर आणि रोज दुपारी बारापर्यंत बॅगा घेऊन ताटकळणं. म्हणून सहा रात्रींचे फक्त तीन मुक्काम: देवगडला दोन, मालवणला तीन, वेंगुर्ल्याला एक.

दुसरी गोष्ट निघायच्या दिवसाची. रविवारी सकाळी निघा, शनिवारी परत या. रविवारी दुपारी तुम्ही उतरता तेव्हा शनिवारची गर्दी खोल्या सोडून घाट चढत असते. दर पडलेले असतात, मालक निवांत असतो, "दोन रात्री सलग राहतो, किती लावाल?" हा प्रश्न त्याच वेळी विचारायचा असतो. महाग रात्र फक्त शुक्रवारची येते, आणि ती वेंगुर्ल्यात येते, जिथे मालवणइतकी झुंबड नसते. शिवाय कामावर जाण्याआधी रविवार हातात राहतो.

दिवस कोणते निवडायचे? दिवाळीची सुट्टी संपल्यापासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, नाहीतर जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारी. नाताळ ते १ जानेवारी अजिबात नको. देवगडचा मुक्काम महाशिवरात्रीला आणू नका, कुणकेश्वरच्या यात्रेत खोली मिळत नाही. मालवणजवळच्या आंगणेवाडीच्या जत्रेचं वेगळंच आहे. तिला ठरलेली तिथी नाही, देवीचा कौल घेऊन तारीख जाहीर होते, त्यामुळे फेब्रुवारीत जायचं असेल तर तारीख जाहीर झाल्यावरच खोली धरा. आंब्यासाठी म्हणून मे महिन्यात जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: आंबा स्वस्त होतो तेव्हा खोली महाग झालेली असते आणि विहिरी आटलेल्या असतात. जूननंतर तर प्रश्नच नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद, किल्ल्याच्या होड्या मेअखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत बंद. त्या दिवसांत ताटात येतो तो बर्फातला मासा.

आता एसटी. साध्या गाडीचं भाडं टप्प्यावर असतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर टप्प्याला साधारण दहा रुपये पडतात. आपला फेरा असा: कोल्हापूर ते देवगड, तिथून विजयदुर्ग जाऊन-येऊन, देवगड ते मालवण, मालवण ते वेंगुर्ला, शिरोड्याला जाऊन-येऊन, आणि वेंगुर्ल्याहून सावंतवाडी-आंबोलीमार्गे कोल्हापूर. सगळं मिळून पाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ८४ टप्पे, म्हणजे माणशी साडेआठशे रुपये. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे नवरा-बायकोचे तेराशे होतात. ७५ वर्षांवरच्यांना राज्यात तिकीटच नाही. म्हणूनच 'आवडेल तेथे प्रवास'चा सात दिवसांचा पास या फेऱ्याला घेऊ नका. पास चांगलाच आहे, पण तो रोज दोनशे-तीनशे किलोमीटर फिरणाऱ्याला परवडतो. पाचशे किलोमीटरमध्ये त्याचे पैसे फिटत नाहीत, आणि अर्ध्या तिकिटावर फिरणाऱ्या बाईला तर तो तोट्याचाच.

स्वतःची गाडी नेली तर सहाशे किलोमीटरला चाळीस लिटर पेट्रोल, म्हणजे चार हजारांच्या वर. चौघं असाल तर खुशाल न्या, दोघांसाठी मात्र नाही.

एसटी फसते कुठे, तेही सांगतो. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींना गाड्या जातात आणि आगाराच्या आतल्या गावांच्या फेऱ्या रद्द होतात. फलकावर वेळ असते, फलाटावर गाडी नसते. म्हणून उतरल्या उतरल्याच नियंत्रकाच्या खिडकीवर उद्याच्या गाडीची चौकशी करा. दुसरं, देवगडहून मालवणला जाताना "मालवण गाडी" एवढंच विचारू नका, "आचरामार्गे आहे का?" असं विचारा. मिठबाव-आचऱ्यावरून जाणारी गाडी किनाऱ्याच्या गावांतून जाते, दुसरी आत वळली की समुद्र तासन्‌तास दिसत नाही. तिसरं, लहान गावात संध्याकाळी शेवटची येते ती वस्तीची गाडी. ती तिथेच मुक्काम करते आणि पहाटे निघते. संध्याकाळी तिच्यातून परतायचं म्हणून बसलात तर रात्र तिथेच काढावी लागेल. चौथं, करूळ घाट पावसात दरड आली की बंद होतो आणि गाड्या भुईबावड्याने किंवा फोंड्याने वळवतात. पाऊस लांबला असेल तर निघण्याआधी सीबीएसवर, म्हणजे कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, विचारूनच तिकीट काढा.

खोली फोनवर ठरवताना चार प्रश्न विचारायचे: स्टँडपासून चालत किती मिनिटं, जेवण दरात धरलंय की ताटावर, प्यायचं पाणी कोणतं, आणि आगाऊ किती. समुद्र दिसणाऱ्या खोलीला जो दर लागतो, त्याच्या जवळपास अर्ध्यात पाच मिनिटं आतल्या वाडीत घरगुती खोली मिळते. त्या पाच मिनिटांसाठी रात्रीला हजार रुपये देण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. बाराशे ते दीड हजार ही आपली मर्यादा, एसी नको म्हणून सांगा. पूर्ण रक्कम आगाऊ मागणारा आणि घराची खूण, वाडीचं नाव सांगायला टाळाटाळ करणारा माणूस असेल तर फोन ठेवून द्या.

दोघांचा हिशेब: खोली सहा रात्री सरासरी बाराशेने ७२००. जेवणखाण माणशी रोज साडेचारशे, सात दिवसांचे ६३००. एसटी १३००. रिक्षा १५००. किल्ल्याची होडी आणि स्नॉर्कलिंग मिळून २०००. झाले १८,३००. उरलेले सतराशे हात राखून. एकूण वीस हजारांतले दोन-तीन हजार सुट्ट्या नोटांत जवळ ठेवा, विजयदुर्ग-भोगवेकडे रेंज गेली की फोनवरून पैसे देता येत नाहीत.

साडेचारशेत जेवण कसं बसतं? सकाळी घावणे किंवा उसळ-पाव, दुपारी माशाचं ताट, रात्री साधं. मासा दुपारीच खायचा, कारण खानावळीत सकाळचा बाजार दुपारच्या ताटात येतो. आणि कृपा करून आल्या आल्या सुरमई मागू नका. सुरमई-पापलेटचे दर पर्यटकाने चढवलेत. "आज काय आलंय?" असं विचारा. बांगडा, तारली, सौंदाळे, मोरीचं (लहान शार्कचं) मटण, काय असेल ते. ताज्या बांगड्याच्या ताटाला सुरमईच्या ताटाच्या निम्मे पैसे पडतात, आणि ताजा बांगडा शिळ्या सुरमईपेक्षा केव्हाही सरस. ताजा ओळखायचा कसा? बाजारात बघा: डोळा फुगीर आणि काळाभोर, कल्ला उचलला तर आतून लालभडक, पोटावर बोट दाबलं तर खळगा राहत नाही. डोळा खोल गेलेला, कल्ला तपकिरी आणि पोट मऊ असेल तर तो बर्फात दोन-तीन दिवस राहिलेला. तांबड्या रश्श्याची सवय असलेल्या आपल्या जिभेला पहिल्या दिवशी मालवणी तिखलं (माशाचं दाट कालवण) सौम्य लागतं. वरून तिखट मागू नका, त्यात घातलेल्या तिरफळाचा, म्हणजे कोकणातल्या मसाल्याच्या फळाचा, वास मरतो. तिसऱ्या दिवशी जीभ लागते. दोन दिवसांत परतणाऱ्याला ही चव कळतच नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

देवगडच्या दोन दिवसांत एक दिवस विजयदुर्गला द्या. पूर्ण किल्ला नीट बघायला तीन तास लागतात, पाणी सोबत न्या, आत सावली कमी आहे. वाटेत गिर्ये गावात रामेश्वराचं देऊळ आहे, तिथे उतरून पुढची गाडी पकडता येते. दुसऱ्या दिवशी कुणकेश्वर. तारामुंबरी-मिठमुंबरीचा पूल झाल्यापासून हे अंतर बरंच कमी झालंय, ऊन कमी असेल तर एक बाजू चालतही जाता येते.

मालवणात पंचांग लागतं, आणि इथे जरा थांबून सांगायला हवं. भरतीची वेळ काढायची जुनी रीत अशी: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराच्या सुमाराला ओहोटी. शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब एकच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला पुरतो. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि गढूळही होतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाण्याची ओढ कमी. म्हणून स्नॉर्कलिंग अष्टमीच्या मागेपुढे ठेवा. उधाणाच्या दिवशी पैसे भरून पाण्यात उतरलात तर हिरवट धुक्याशिवाय काही दिसणार नाही, आणि त्याला होडीवाला जबाबदार नाही.

'स्कुबा' म्हणून किल्ल्याजवळ जे दिलं जातं ते बहुतेक वेळा काही मिनिटांचंच असतं, प्रशिक्षक तुम्हाला धरून खाली नेतो. पोहता येत असेल आणि पैसे मोजके असतील तर स्नॉर्कलिंगच करा. मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशी असेल तर तिथून पाणी शिरतं, मिशीवर व्हॅसलीन चोळा. पॅरासेलिंग, जेटस्की, बनाना राइडची पॅकेजं महाग आणि काही मिनिटांत संपणारी. आपल्या हिशेबात ती बसत नाहीत.

लाइफ जॅकेटशिवाय होडीत पाऊल ठेवू नका. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून माणसं गेली. गर्दी जास्त दिसली, समुद्र खवळलेला दिसला, तर भाडं सोडा आणि उतरा. पोहताना जिथे लाटा फुटत नाहीत, जिथे पाणी शांत आणि काळसर दिसतं, तिथे जाऊ नका. आपल्या नदीत शांत पाणी म्हणजे भरवशाचं असं वाटतं, पण समुद्रात लाटेचं पाणी त्याच पट्ट्यातून परत आत ओढलं जातं. सापडलाच तर किनाऱ्याकडे हातपाय मारून दमू नका. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या, मग लाटेबरोबर परत या. देवबागच्या टोकाला जिथे कर्ली खाडी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीत उतरायचंच नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्याला सकाळची पहिली होडी धरा. १६६४ मध्ये पायाभरणी झालेल्या या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधे हे. तिथे घाई करू नका, परतीच्या होडीची वेळ उतरतानाच विचारून घ्या.

वेंगुर्ल्याहून शिरोडा आणि रेडी एका दिवसात होतं. शिरोड्याला १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला, मिठागरं अजून दिसतात.

कपड्यांचं एक: समुद्रात भिजलेले कपडे नुसते वाळत घालू नका. त्यातलं मीठ हवेतला ओलावा शोषतं आणि ते रात्रभर ओलेच राहतात. अर्धी बादली गोडं पाणी, एकदा खळबळा, पुरे. गोडं पाणी तिथे विहिरीचं असतं, आंघोळीला दोनच बादल्या वापरा.

खरेदी शेवटच्या दिवशी सावंतवाडीत करा, आठवडाभर ओझं वाहायला नको. कोकमाचं आगळ घेताना बाटलीवर बघा: आगळात फक्त मीठ असतं, साखर असेल तर ते सरबत, त्याची सोलकढी होत नाही. आमसूल काळसर आणि मऊ घ्या, कोरडं कडक झालेलं जुनं असतं. आगळाची बाटली वरच्या फळीवर आडवी ठेवू नका. आंबोलीच्या वळणांत झाकण गळतं आणि तो लाल डाग कपड्यांतून निघत नाही. पायांच्या मधे उभी धरून बसा.