चौथ, चकवा आणि भाऊसाहेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

डिसेंबरातल्या आमच्या फजितीच्या शिबिरावर मी लिहिलेल्या लेखाला आपण दिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपण बरीच वर्षे स्काऊटमास्तर होतात, हे तिच्या ओळीओळीतून कळते. आपले आक्षेप तीन आहेत. शाळेच्या लिपिकाच्या, म्हणजे माझ्या, हाती पथक सोपवल्यावर काय होते हे रंगवून सांगताना मी चळवळीचीच थट्टा केली, हा पहिला; चकव्याचे नाव घेऊन अंधश्रद्धेला खतपाणी घातले, हा दुसरा; आणि बावीस मुले रात्री सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, वाट चुकली ही गोष्ट मी हसण्यावारी नेली, हा तिसरा. तिसऱ्याबद्दल मला बरेच सांगायचे आहे, म्हणून दुसरा आधी उरकतो.

गुहागर तालुक्यातल्या त्या सड्यावर अंधार पडल्यानंतर आम्ही एकाच गडग्यापाशी (दगड रचून केलेल्या कुंपणापाशी) तीनदा येऊन पोचलो, आणि तिसऱ्या खेपेस तिथे माझीच छत्री जांभ्याच्या दगडाला टेकून उभी असलेली सापडली. (डिसेंबरात छत्री कशाला, हे घरच्यांनीही विचारले होते.) याला आमच्याकडे चकवा लागणे म्हणतात, म्हणून मी चकवा म्हटले; भूत म्हटले नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जर्मनीतल्या संशोधकांनी काही माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगून त्यांची वाट जीपीएसवर नोंदवली होती. सूर्य दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ गेली. ढगाळ दिवशी जंगलात मात्र ती गोल फिरली, आणि नकळत आपलीच वाट ओलांडून गेली. वाळवंटात रात्री चालणारा एक जण चंद्र ढगाआड जाईपर्यंत नीट चालला आणि मग वळत वळत आल्या दिशेलाच लागला. चकवा लागला की जागच्या जागी बसावे, हा आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचा सल्ला या दृष्टीने अगदीच टाकाऊ नाही.

'आकाश निरभ्र होते, मग ध्रुवतारा कुठे गेला होता?' हा आपला प्रश्न मात्र वर्मी लागला. मला ध्रुव शोधायची एकच रीत ठाऊक होती, ती सप्तर्षींवरून. डिसेंबरात संध्याकाळी आपल्याकडे सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, हे मला ठाऊक नव्हते. अर्धा तास मी झाडांच्या शेंड्यांमधून सप्तर्षी शोधत होतो, आणि त्या वेळी उत्तरेला, पार वर, शर्मिष्ठा, ती M अक्षरासारखी पाच ताऱ्यांची आकृती, चांगली ठसठशीत दिसत होती. ध्रुव आपल्याकडे जेमतेम १७ अंशांवर असतो, म्हणजे तो झाडीआडच होता. पण शर्मिष्ठेवरून उत्तर ठरवता आली असती. आपल्या पथकातल्या कुठल्याही मुलाने ती ठरवली असती, हे मान्य.

आता थट्टेचा आक्षेप. आमच्या स्काऊटमास्तरांचा पाय शिबिराच्या दोन दिवस आधी मोडला. रजेचे रजिस्टर ज्याच्या ताब्यात असते त्याला स्वतःला रजा मिळत नाही, या न्यायाने पथक माझ्याकडे आले. वय चौपन्न, पोट सुटलेले, सापाची भीती, आणि रानाचा अनुभव म्हणाल तर कोषागारापर्यंतचा एसटीचा प्रवास. मुले स्काऊटच्या गणवेशातही मला 'भाऊसाहेब'च म्हणत होती. असा माणूस स्कार्फमध्ये साबुदाण्याच्या खिचडीचा डबा बांधून पुढे चालला, तर हसायचे ते त्या माणसाला. १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी जेमतेम वीसेक मुलांचे पहिले शिबिर घेतले, तेव्हाही त्यांनी मुलांचे चार संघ पाडून प्रत्येकावर एकेक मुलगाच नायक नेमला होता. ही योजना किती शहाणपणाची आहे हे मला त्या रात्री कळले, कारण सड्यावर आमचे तीनही संघनायक आपापल्या मुलांची हजेरी घेत होते, पाण्याच्या बाटल्या मोजत होते, आणि कोणी रडकुंडीला आला की त्याला मधे बसवत होते. वाट तेवढी माझ्याकडे होती, आणि चुकली तीही तेवढीच.

राहिला तिसरा आक्षेप. इथे मला एक कबुली द्यायची आहे, कारण लेखात मी लिहिले की 'खाडीने आम्हाला फसवले', आणि ते खरे नाही.

सकाळी नऊच्या सुमारास आम्ही खाडी पायी ओलांडली. घोट्याएवढे पाणी आणि खाली चिखल होता. एका संघाचा नायक मच्छीमाराच्या घरातला मुलगा होता, वय तेरा. तो मधेच थांबला, टाच चिखलात दाबून बघितली आणि म्हणाला, "भाऊसाहेब, आज चौथ. तीनला भरती." त्याचा हिशेब आपल्याकडे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते. चौथीला तीन, पौर्णिमेला सव्वाअकरा. पुढे सहाएक तासांनी ओहोटी, म्हणजे दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, आणि रोज पाऊणएक तास उशीर. मी म्हणालो, "पाणी आत्ताच तर गेलेय, इतक्यात कशाला येते?" दुपारी जेवणानंतर त्याने पुन्हा आठवण केली. मी घड्याळ पाहिले आणि मुलांना आणखी एक खेळ खेळू दिला. साडेतीनला परत आलो, तर काठाच्या कांदळवनात पाणी शिरलेले, आणि पलीकडे शाळेचे छप्पर दिसत होते.

विशेष म्हणजे त्या दिवशी संकष्टी होती आणि मला उपास होता, म्हणजे तिथी मला त्या मुलाइतकीच पाठ होती. पण मी ती पोटासाठी मोजत होतो. वरच्या अंगाला पूल आहे हे ऐकून होतो, म्हणून सड्यावरून पूर्वेला निघालो. पुढचे आपण वाचलेच आहे. मुलाने मला दोनदा सांगितले होते, ही गोष्ट मी लेखातून गाळली, आणि ती गाळल्यामुळेच तो प्रसंग इतका हलकाफुलका झाला. आज मी लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

अखेरीस त्याच मुलाने सगळ्यांना गडग्यापाशी बसायला सांगितले, तेव्हा माझ्याजवळची एकमेव उपयुक्त माहिती मी दिली : चंद्रोदय पावणेनऊला आहे. उपासकऱ्याला ही वेळ विसरता येत नाही. चंद्र वर आला ती पूर्व, म्हणून आम्ही त्याच्याकडे तोंड करून चालू लागलो. खिचडी मी चालता चालता खाल्ली, तीही चार जणांत वाटून.

पुलावर पोचलो तेव्हा साडेदहा वाजत आले होते. खाली खाडी जवळजवळ रिकामी होती, चिखल चांदण्यात चकाकत होता. काठावर नुसते बसून राहिलो असतो, तरी नऊच्या ओहोटीला सकाळसारखेच पलीकडे गेलो असतो. तो मुलगा कठड्यावरून वाकून खाली बघत होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, पण बोलला काही नाही.

आपला,
भाऊसाहेब