अकरा मिनिटांचं भांडण

बेळगावच्या शहापुरातला आमचा कट्टा म्हणजे एका बंद पडलेल्या दुकानाची पायरी. समोर चहाची गाडी. चहावाला कन्नड बोलणारा, हिशेब मात्र मराठीत सांगतो आणि आमचा वाद चिघळला की लांबूनच ‘साकू री’ म्हणतो. साकू म्हणजे पुरे. गेल्या रविवारी रात्री त्याला ते तीनदा म्हणावं लागलं.

झालं असं. त्या संध्याकाळी एका बाहेरगावच्या बुवांची बैठक होती आणि आम्ही सगळे गेलो होतो. मारुबिहाग राग लावला होता. विलंबित आता कुठं जमून येत होतं आणि दुसऱ्या रांगेत आमचा धाकटा, वय बावीस, हात उंच करून फोन धरून बसलेला. बुवांनी डोळे उघडले, थांबले आणि आवाज न चढवता म्हणाले, “बाळ, तो फोन खाली ठेव, मग पुढं जाऊ.” लोक हसले. पोराचे कान लाल झाले. तोवर फोनवर अकरा मिनिटं झाली होती.

कट्ट्यावर पहिला हल्ला मास्तरांचा. मास्तर पेटी वाजवतात आणि शिकवतात. पेटीवादक रामभाऊ विजापुरे यांच्या गावात पेटी शिकवणं म्हणजे काय असतं हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. त्यामुळं मास्तरांच्या शब्दाला वजन आहे, आणि ते त्यांना माहीतही आहे.

“गाणं ऐकायला आलतास का शूटिंगला? समोर माणूस गंधार लावायलाय, नि तू बॅटरी किती टक्के हाय ते बघायलास.”

“मास्तर, मी शिकायलोय. घरी जाऊन दहादा ऐकल्याशिवाय मला कळत न्हाई. एकदा ऐकून घेण्याएवढं डोकं सगळ्यांना असतंय व्हय?”

“आमच्या वेळी...”

एवढंच म्हणायचा अवकाश, साउंडवाला हसायला लागला. हा आमचा स्पीकर भाड्यानं देणारा मित्र. गणपतीत डॉल्बी लावतो नि वर्षाचे उरलेले दिवस शास्त्रीय बैठकींना दोन छोटे मॉनिटर घेऊन जातो. त्यानं थेट विचारलं, “मास्तर, तुमच्या लाकडी कपाटात काय हाय, सांगू का?”

कपाटात काय आहे ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. शे-दीडशे कॅसेटी. निळ्या शाईनं राग, ताल, गाव लिहिलेल्या. त्यातली एक धारवाडकडच्या एका घरगुती बैठकीची आहे (गवयाचं नाव लिहू नकोस म्हणून मास्तरांनी मला शपथ घातली आहे). ती मास्तरांनी पिशवीत टेप ठेवून, वर रुमाल टाकून भरली. नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला पंचेचाळीस. द्रुत चढलेलं, तिहाई (तीनदा घेऊन समेवर यायचा तुकडा) सुरू होणार, आणि खट्. बाजू संपली. दुसरी बाजू सुरू होते ती टाळ्यांनी. मधली तिहाई कुणाकडंच नाही. मास्तरांनी ती बंदिश त्या टेपवरूनच बसवली आणि पोरांना शिकवली. आजही त्यांचे दोन शिष्य ती गाताना नेमके तिथं येऊन घुटमळतात. शिवाय त्या टेपमध्ये अंतऱ्याआधी एक माणूस दोनदा खोकतो. मास्तर पेटीवर ती जागा घेताना खोकल्यापुरती जागा सोडतात, असं साउंडवाल्याचं म्हणणं. मी ऐकलं आहे. सोडतात.

मास्तर चिडले, पण उत्तर तयार होतं. “माझी टेप पिशवीत होती. डोळे बुवांवर होते. मागच्या माणसाच्या तोंडासमोर मी पडदा धरला न्हाई. आणि ती कॅसेट माझ्या घरातनं बाहेर गेली न्हाई.”

“म्हणजे चोरी चालते, दिसली न्हाई पायजे,” धाकटा म्हणाला.

पहिलं ‘साकू री’ इथं आलं.

मग वकील बोलले. ते कोर्टात फारसे बोलत नाहीत, सगळं कट्ट्यावर बोलतात. त्यांचं म्हणणं, दोघंही अर्धे बरोबर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली, तेव्हा कलम ३८ नं गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला त्याच्या सादरीकरणावर स्वतःचा हक्क मिळाला. त्याला न विचारता ते मुद्रित, म्हणजे रेकॉर्ड, करता येत नाही. पण पुढं कलम ३९ सांगतं की स्वतःपुरतं ठेवायला, किंवा खरोखरच फक्त शिकवण्यासाठी वा संशोधनासाठी केलेलं मुद्रण हक्कभंगात धरायचं नाही. “म्हणजे पिशवीतली टेप नि हातातला फोन कायद्याला सारखेच. तू ते रात्री यूट्यूबवर टाकलंस की मात्र स्वतःपुरतं कुठं राहिलं? आणि आयोजकांनी आधीच ‘मुद्रण करू नये’ असं जाहीर केलं असेल, तर तो प्रश्न निराळा.”

धाकट्यानं विचारलं, “नि बुवांना आवडत नसेल तर?”

“आवडीनिवडीचं कलम नाही,” वकील म्हणाले.

खरं भांडण आवडीनिवडीचंच होतं. कारण गवई नको का म्हणतात, यावर आमचं कुणाचंच एकमत होईना. मास्तरांनी केसरबाई केरकरांचं उदाहरण काढलं. बाईंना मुद्रणाचं वावडं होतं, थोडक्याच तबकड्या मागं ठेवल्या. आणि गंमत म्हणजे त्यातली एक, भैरवीतली ‘जात कहाँ हो’, १९७७ साली व्हॉयेजर यानावरून सूर्यमालेबाहेर निघाली. बाईंचे गुरू अल्लादियाखाँ. इथून दोन-अडीच तासांवरच्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी होते, १९४६ ला गेले. त्यांच्या गाण्याचं एकही मुद्रण आपल्या हाती नाही. मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्याच मुलांकडं, मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडं शिकले, म्हणून आपण म्हणायचं की खाँसाहेब असं गात असतील. असं, म्हणजे कसं?

“त्या वेळी कुणीतरी चोरून टिपलं असतं तर तुम्ही त्याच्या पाया पडला असता,” धाकटा.

“चोरून कशानं टिपणार होता? तो कर्णा नि मेणाची तबकडी डोक्यावर घेऊन बैठकीत शिरणार होता व्हय?” साउंडवाल्यानं पोराचीच गोची केली. खरंच आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. ज्यांनी दोन-दोन तास राग मांडला त्यांनी तीन मिनिटांत राग उरकायला नकार दिला, तर तो हट्ट म्हणायचा का? मला नाही वाटत. पण आज फोनमध्ये अख्खी रात्र मावते, तेव्हा ते कारण उरलं नाही. आता कारण वेगळं आहे. बुवा एखाद्या दिवशी घसा बसलेला असताना गातात, एखादी जागा करून बघतात, ती फसते. फसायची मुभा होती म्हणून तर करून बघत होते. ती फसलेली चाळीस सेकंद सकाळपर्यंत गावभर फिरली, की पुढच्या वेळी बुवा ठरलेल्या जागाच घेणार. मला यात बुवांपेक्षा आपलंच नुकसान जास्त दिसतं.

हे मी बोललो. कुणी दाद दिली नाही. चहा आला.

साउंडवाल्याकडं मात्र खरा माल होता. त्याला परदेशी बँडांचा नाद आहे. अमेरिकेत ग्रेटफुल डेड नावाचा बँड होता, म्हणे. त्यांचे चाहते उंच काठ्यांवर माइक लावून प्रत्येक कार्यक्रम टिपायचे आणि आपापसात टेपा बदलायचे, पैसे न घेता. बँडनं अडवलं नाही. पण काठ्यांचं रान एवढं वाढलं की मिक्सरवर बसलेल्या माणसाला स्टेजच दिसेना. मग १९८४ साली बँडनं टेपवाल्यांना मिक्सरच्या मागं वेगळी जागाच दिली, वेगळ्या तिकिटासकट.

“बघा, भांडण चोरीवरून न्हवतंच,” साउंडवाला म्हणाला. “मिक्सरवाल्याला दिसत न्हवतं म्हणून झालं. माझं दुखणं कुणी इचारतंय?” त्याचं दुखणं असं, की बैठकीत फोन वर झाला की त्याला बुवांचा हात दिसत नाही. आवाज वाढव की कमी कर, बुवा हातानं सांगतात.

धाकट्यानं लगेच उलटा दाखला दिला. किंग क्रिमसन हा इंग्रजी बँड, त्याचा रॉबर्ट फ्रिप फोटोसुद्धा काढू द्यायचा नाही. मात्र कार्यक्रम संपल्यावर बास वाजवणारा टोनी लेविन स्वतःचा कॅमेरा काढायचा, आणि त्यानं काढला की लोकांनीही काढायचा. जॅक व्हाइटनं तर २०१८ च्या दौऱ्यात लोकांचे फोन दारातच कुलुपी पिशवीत घालायला लावले. पिशवी आपल्याच हातात, उघडायची मात्र बाहेर जाऊन.

“बेळगावात फोन पिशवीत घाला म्हटलं तर लोक पिशवीसकट घरी जातील,” वकील.

यावर दुसरं ‘साकू री’ झालं, ते हसण्याच्या आवाजामुळं.

रात्र बरीच झाली. मास्तर एव्हाना मवाळ झाले होते. सुळेभावीच्या कुमार गंधर्वांच्या मैफलींच्या टेपा रसिकांनी जपल्या नसत्या तर आपण काय ऐकलं असतं, असं स्वतःशीच पुटपुटले. मग पोराकडं न बघता म्हणाले, “ती तुझी अकरा मिनिटं. तेवढी पाठीव मला.”

“पुसली, मास्तर.”

“पुसली?”

“बुवांनी थांबवल्यावर तिथंच बसून पुसली. लाज वाटली.”

मास्तर उभेच राहिले. “कुणी सांगितलं पुसायला? खाली ठेव म्हणाले ते, पूस म्हणाले व्हय? तो सुरुवातीचा आलाप होता त्यात! तो तीव्र मध्यम काय लागलाता, कळलं तरी का तुला?” संध्याकाळपासून ज्यासाठी पोराला झाडलं तेच हातचं गेलं म्हणून आता झाडत होते. तिसरं ‘साकू री’.

धाकटा खाली मान घालून फोन चाळत होता. “डिलिट केलेलं तीस दिवस राहतंय मास्तर. हाय अजून. काढू का परत?”

मास्तरांनी हात पुढं केला आणि मधेच थांबवला. वकिलांकडं बघितलं.

“तीस दिवस आहेत,” वकील म्हणाले. “बुवांना विचारा.”

फोन कोणी लावायचा यावर आम्ही अजून भांडतोय. बुधवार आहे. सत्तावीस उरलेत.