चाचणीचं उत्तर बदललं म्हणजे स्वभाव बदलला असं नाही
‘सोळा स्वभावप्रकारांच्या चाचणीत पूर्वी बहिर्मुख आलात, आता अंतर्मुख, म्हणजे खरा स्वभाव आत्ता कळला,’ असा संदेश फिरतोय. हे बरोबर नाही. असा बदल नैराश्य या आजारामुळेही दिसू शकतो. नैराश्यात माणसं नकोशी होतात, आवडीच्या गोष्टींतला रस जातो आणि चाचणीची उत्तरंही त्याच मनःस्थितीतून दिली जातात. आजार ओसरल्यावर ती पुन्हा बदलू शकतात. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये मांडलेली अंतर्मुखता हा आजार नव्हेच. अंतर्मुख माणूस एकांतात ताजातवाना होतो; नैराश्यात एकांतातही विसावा मिळत नाही. हा फरक ओळखाच, कारण ‘माझा स्वभावच असा’ म्हणत उपचार लांबतात. दोन आठवडे असंच चाललं असेल, तर डॉक्टरांना भेटा. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.