नसलेले लाल बटण

गेल्या मंगळवारी दुपारी अडीच वाजता माझ्या संगणकाने ‘टक्’ असा आवाज केला, खोलीभर जळका वास सोडला आणि तो गप्प झाला. त्याचा एसएमपीएस, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टांचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टांत रूपांतर करून देणारा पत्र्याचा डबा, गेला होता. हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. मी तो डबा बाहेर काढून त्याच्या २४ पिनांच्या जोडणीतली हिरवी तार काळ्या तारेला टाचणीने जोडून पाहिली. डबा जिवंत असेल तर एवढ्याने त्याचा पंखा फिरतो. पंखा ढिम्म हलला नाही. वॉरंटी ३ वर्षांची होती आणि ती १९ दिवसांपूर्वी संपली होती. निदान झाले, उपचारही ठरला. आता बर्डीला, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, जाऊन नवा डबा आणायचा, इतकेच उरले होते. माझे चुकले ते एवढेच की, जोडण्या जुळवून पाहाव्यात म्हणून मी जुना डबाही पिशवीत घेतला.

मेट्रोच्या तपासणी यंत्राच्या पडद्यावर तो डबा आणि त्यातून लोंबणारा रंगीत तारांचा गुच्छ पाहून सुरक्षारक्षकाच्या चेहऱ्यावर काय उमटले, त्याचे वर्णन मी करणार नाही. दुपारी तीनला, ४५ अंशांच्या उन्हात, मी सीताबर्डीच्या दुकानात पोहोचलो तेव्हा माझी अब्रू अर्धी तिथेच सांडलेली होती.

दुकानात मालक होता, एक पोरगा होता, पेन ड्राइव्ह घ्यायला आलेली एक मुलगी होती आणि कुलरसमोरच्या एकमेव खुर्चीवर एक वृद्ध गृहस्थ होते. डोक्याकानांभोवती दुपट्टा गुंडाळलेला, सदऱ्याच्या खिशात लू लागू नये म्हणून ठेवलेला कांदा आणि मांडीवर विजेच्या बिलाची प्रत. प्रत काढून झाली होती, पण कुलर चालू असल्यामुळे त्यांचे काम संपले नव्हते.

“काय झालं जी?” त्यांनी विचारले. वास्तविक हे दुकानदाराने विचारायचे.

“एसएमपीएस जळला. नवीन हवा आहे.”

“जळला नाही, जाळला म्हना,” गृहस्थ म्हणाले. “मागचं लाल बटन दाबलं असन तुम्ही.”

इथे न्यायाने सांगितले पाहिजे की, लाल बटण ही कल्पनेतली वस्तू नाही. जुन्या डब्यांना मागच्या बाजूस ११५ आणि २३० असे आकडे असलेली एक लाल सरकपट्टी असे, कारण अमेरिकेसारख्या देशांत घरात आपल्या निम्म्याच व्होल्टेजची वीज येते. ती पट्टी ११५ वर ठेवली की आत व्होल्टेज दुप्पट करणारी जोडणी सुरू होते, आणि आपल्याकडे कोणी तसे केले तर क्षणात फटाका वाजतो. परंतु माझ्या डब्याला असे बटणच नव्हते. त्यावर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे स्वच्छ छापलेले होते, म्हणजे तो दोन्हीकडची वीज आपोआप पचवणारा होता. हे सर्व मी त्यांना शांतपणे, डबा हातात देऊन समजावले. त्यांनी डबा चारही बाजूंनी फिरवून पाहिला, मग नारळ पारखावा तसा कानाशी नेऊन हलवला.

“होतं,” ते म्हणाले. “पडलं असन.”

“पडले असते तर तिथे भोक राहिले असते ना.”

“भोक बुजवून देतेत कंपनीवाले.”

“अहो, पण मुळात बटणच नव्हते!”

“माह्या भाच्यानंही असंच केलं होतं,” गृहस्थ पेन ड्राइव्हवाल्या मुलीकडे वळून म्हणाले. “तोही म्हने, बटनच नोतं.”

मुलीने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले, तिची मला अजूनही चीड येते. दुकानदाराने तर डॉक्टरासारखा आवाज खाली आणून विचारले, “सर, घरात लहान मुलं आहेत का?”

“नाहीत.”

“मंग तं तुम्हीच,” खुर्चीवरून निकाल आला.

२०२४ च्या मेअखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले होते, तेव्हा हवामान खात्याने चौकशी करून सेन्सर बिघडला असल्याचे सांगितले. यंत्र बिघडले तर यंत्राचा दोष, असा साधा न्याय सूर्याला मिळाला. मला मिळाला नाही. वास्तविक माझा डबा कशाने गेला याचा अंदाज कोणालाही बांधता आला असता. त्यातल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज तात्पुरती साठवणाऱ्या भागात, द्रावण असते, तापमान १० अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात टेबलाखालच्या बंद कप्प्यात त्याचे काय होत असेल ते उघड आहे. पण उन्हाला दोष देऊन गंमत येत नाही. समोर पिशवी घेऊन घामाघूम उभा असलेला माणूस त्यासाठी अधिक सोयीचा असतो. गाडी बंद पडली तर “पेट्रोल होतं का?”, पोट बिघडले तर “बाहेरचं काय खाल्लं?” एवढे तरी विचारतात. मला विचारलेही नव्हते, सांगितले होते.

दुकानदाराने साडेसातशे रुपयांचा एक डबा पुढे ठेवला. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिले होते, पण बाजूच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टांच्या लाइनीवर १४ अँपिअरच होते, म्हणजे गुणाकार करून १६८ वॅट. आणि आजच्या संगणकाची मुख्य भूक त्याच लाइनीवर असते. हा गुणाकार मी मोठ्याने केला. कोणी ऐकला नाही. गृहस्थांनी मात्र एका हातात तो डबा आणि दुसऱ्या हातात खिशातला कांदा घेऊन तागडी केली व जाहीर केले, “याच्यात काहीच नाही जी. कांदा भारी हाय.” स्वस्त डब्यात तांबे आणि उष्णता शोषणारे ॲल्युमिनियम कमी घातलेले असते, म्हणून तो हलका लागतो, हे खरे आहे. मी तक्ता वाचून जे सिद्ध केले ते त्यांनी कांद्याने केले, आणि दुकानदाराने लगेच त्यांचे ऐकून कपाटातून ३,४०० रुपयांचा, ५ वर्षे वॉरंटीचा जड डबा काढला. माझ्या मनात आधीपासून तोच होता. मी पैसे देत असताना गृहस्थांनी मला “आता बटनाले हात लावू नका” असे बजावले.

घरी येऊन डबा बसवला, संगणक सुरू झाला. मग बिल पाहिले. वॉरंटी याच बिलावर अवलंबून असल्यामुळे ते मला ५ वर्षे सांभाळायचे आहे, आणि त्याच्या तळाशी पोराने निळ्या पेनाने लिहिले आहे : ‘लाल बटन दाबल्यास वॉरंटी नाही.’ नव्या डब्यालाही असे बटण नाही.

बायकोने ते वाचले. “तुम्ही दाबलं होतंत?” तिने विचारले. मी उत्तर दिले नाही. रात्री ती झोपल्यावर मात्र मी टॉर्च घेऊन जुन्या डब्याची मागची बाजू पुन्हा एकदा, बोट फिरवून, नीट पाहिली. बटण नव्हते. बुजवलेले भोकही नव्हते.